इकलं ते मशीन, गेली ती जोडणी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन जूनमध्ये येतो. यंदा विषय होता, ‘हातचं गेलेलं’. “जमीन, नोकरी, माणसं यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही वस्तूंचं बघा,” ते म्हणाले. मी हो म्हणून फोन ठेवला आणि माझी नजर आपसूक बैठकीच्या खोलीतल्या त्या भिंतीकडे गेली. वीस वर्षांत तिथे तीन वेगवेगळी यंत्रं येऊन गेली. आत्ता तिथे कुंडी आहे.

२००४ साली मी माझा ‘सेट’ विकला. गॅरार्डचा रेकॉर्ड चेंजर, व्हॉल्व्हचे दोन ॲम्प्लिफायर आणि सागवानी पेट्यांतले दोन स्पीकर. नवीन फ्लॅट घेतला होता आणि नव्या भिंतीला नवीन काहीतरी हवं होतं. पाच चिमुकले स्पीकर आणि एक घुमणारा डबा असलेलं होम थिएटर तेव्हा हप्त्यावर मिळत असे. जुन्या सेटचे साडेचार हजार रुपये आले. घेणारा मुलगा पुण्यात डी.एड. करत होता, खोलीवर राहायचा, अंगावर एक बरा शर्ट. रिक्षाच्या दोन खेपा करून त्याने सगळं नेलं. जाताना म्हणाला, “काका, जपून वापरीन.” गाव विचारलं तर म्हणाला, “साखरखेर्डा. बुलढाणा जिल्हा.”

रिक्षा वळली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. जागा मोकळी झाली, धूळ पुसायचं काम कमी झालं. ही सुटका रविवारपर्यंत टिकली. रविवारी सकाळी चहाचा कप ठेवून मी सवयीने उठलो, रेकॉर्डच्या कपाटातून एक एलपी काढली, आणि ती हातात धरून त्या भिंतीसमोर उभा राहिलो. रेकॉर्डी मी विकल्या नव्हत्या. चाळीसेक होत्या, अजून आहेत. चपला विकून टाकायच्या आणि मोजे जपून ठेवायचे, असा तो व्यवहार.

संपादकांच्या विषयाचं निमित्त झालं आणि जुन्या डायरीत लिहून ठेवलेला त्या मुलाचा गावाकडचा नंबर मी काढला. तो बंद होता. मग ठरवलं, जाऊनच बघू.

जोडून घेतलेला आवाज

आधी तो सेट काय होता ते सांगतो, नाहीतर एका माणसाने चार डब्यांपायी पुण्याहून साखरखेर्ड्याला जावं, हे वाचकाला खुळेपणाचं वाटेल.

हाय-फाय म्हणजे मूळ आवाजाशी उच्च प्रतीची निष्ठा. आपल्याकडे ही निष्ठा बराच काळ परवडण्यापलीकडे होती. परदेशी यंत्रावर जबर आयात शुल्क. देशी कंपन्या नव्हत्या असं नाही. कोलकात्याची सोनोडाइन १९७०पासून होती, कॉस्मिक होती, नॉर्ज होती. पण मध्यमवर्गीय शौकिनाचा खरा मार्ग तिसराच होता, जोडून घेण्याचा. डेक एकीकडून, स्पीकर दुसरीकडून, पेटी सुताराकडून आणि ॲम्प्लिफायर मिस्त्रीकडून. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’सारखी मासिकं सर्किटं छापत आणि मिस्त्री ती कात्रणं लावून ठेवत.

माझे मिस्त्री बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या तोंडाशी एका जिन्याखाली बसत. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी मला ‘मुलार्ड फाइव्ह-टेन’ बांधून दिला. पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट, म्हणून फाइव्ह-टेन. इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीने आपले व्हॉल्व्ह खपावेत म्हणून १९५०च्या दशकात हा आराखडा छापून जगाला वाटला, आणि जगभरच्या जिन्यांखाली तो बांधला गेला. स्टिरिओसाठी असे दोन लागतात, म्हणून माझे दोन. व्हॉल्व्ह बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. स्पीकर फिलिप्सचे, आठ इंची. सागवान वडिलांच्या जुन्या पलंगाचं.

या सगळ्यात जीव कशात असतो, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये. व्हॉल्व्हमधून दाब जास्त आणि प्रवाह अगदी थोडा निघतो, स्पीकरला नेमकं उलटं लागतं. मधला दुभाषा म्हणजे हा ट्रान्सफॉर्मर, लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. पण ती सरसकट गुंडाळून चालत नाही. आतली तार थोडी, मग कागद, मग बाहेरची तार थोडी, पुन्हा कागद, पुन्हा आतली, असे पदर घालावे लागतात. पदर चुकले की आवाज येतो, पण तानपुऱ्याची जवारी मरते. अण्णांच्या ओळखीच्या एका वाइंडिंगवाल्याने माझे दोन ट्रान्सफॉर्मर हातमशिनवर चार दिवस घालवून गुंडाळले होते. शेवटी अण्णांनी सर्किटचा कागद, त्यावर पेन्सिलने पदरांचा हिशेब लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ॲम्प्लिफायरच्या बुडाशी चिकटवला. म्हणाले, “मी नसेन तेव्हा लागेल.”

विकताना तो कागद काढून घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

रणभूमीवर उतरलो

जालन्यापर्यंत रेल्वे, तिथून देऊळगाव राजा, सिंदखेड राजा करत पुढे एसटी. सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थळाच्या वाड्याचा दरवाजा दिसतो, थोड्या अंतरावर समृद्धी महामार्ग दिसतो. श्रावण होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याला लागलेलं, मधूनमधून कपाशी आणि तूर.

साखरखेर्डा हे नाव मराठी माणसाने ऐकलेलं असतं ते शाळेच्या इतिहासात, आणि परीक्षा झाल्यावर विसरलेलं असतं. ऑक्टोबर १७२४मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई इथे झाली. मुबारिझखान पडला, निजामाची दख्खनवर पकड बसली, हैदराबादच्या राज्याचा पाया इथल्या मातीत घातला गेला. गावाला फत्तेखेर्डा असंही नाव मिळालं. त्या लढाईत बाजीरावाने निजामाला साथ दिली होती. पुढे चारच वर्षांत, १७२८ला, त्याच निजामाला पालखेडला कोंडीत पकडायची पाळी बाजीरावावरच आली. दिलेलं परत मिळवायला चौपट खटपट करावी लागते, हा धडा या गावाने थोरामोठ्यांनाही दिलेला आहे, तिथे माझी काय कथा.

आजचं गाव मात्र लढाईपेक्षा साधुसंतांच्या नावाने ओळखलं जातं. वीरशैवांचा पलसिद्ध मठ इथे आहे. जालन्याच्या रामानंद महाराजांचे शिष्य, गोंदवल्याच्या परंपरेतले प्रल्हाद महाराज रामदासी इथलेच. रामनाम हीच त्यांची साधना. ज्या गावात नाम मनातल्या मनात घ्यायची एवढी जुनी सवय, त्या गावात मी स्पीकर शोधत आलो होतो.

स्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी चौकशी केली. “पुण्याला डी.एड. केलेले, गाण्याचा नाद असलेले…” एवढं म्हणताच दुकानदार म्हणाला, “सर व्हय! भोंगेवाल्या मामाचे भाचे.” दहा मिनिटांत सर मोटारसायकलवर हजर. केस पांढरे झालेले, हसू तेच. माझ्याकडे बघून आधी नमस्कार केला आणि दुसऱ्या क्षणी खाली बघितलं. त्याच्या खाली बघण्यावरून मला निम्मी बातमी कळली.

“काका, घरी चला. सांगतो.”

मामांचे भोंगे

पण घरी जायच्या आधी तो मला मामांकडे घेऊन गेला. आपली बातमी सांगायला त्याला कुणीतरी वडीलधारा सोबत हवा असावा.

मामांचं वय सत्तरीच्या पुढे. पंचक्रोशीतली लग्नं, हळदी, बारशी, निवडणुका आणि हरिनाम सप्ताह यांना चाळीस वर्षं त्यांनी आवाज पुरवला. सामान काय होतं? आहुजाचं एक ‘मशीन’ म्हणजे ॲम्प्लिफायर, चार भोंगे, दोन माइक, एक रेकॉर्ड वाजवायचा डेक, पुढे त्याच्या जागी कॅसेटचा टेप, आणि वीज नसेल तिथे ट्रकची बॅटरी. सायकलच्या कॅरिअरला मशीन आणि हँडलला दोन बाजूंना दोन भोंगे. पुढे लुना.

भोंग्याचा आवाज कोसभर कसा जातो, हे मामांनी मला खाटेवर बसून समजावलं. मशीनमधून शंभर व्होल्टची लाइन निघते. दाब जास्त ठेवला की बारीक, स्वस्त तारेतूनही आवाज लांब नेता येतो, वाटेत फारसा गळत नाही. प्रत्येक भोंग्यापाशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर हा दाब उतरवतो. त्यामुळे देवळापासून वेशीपर्यंत तार ओढून चार भोंगे एका मशीनवर चालतात. भोंग्याच्या बुडाशी असतं ते ‘युनिट’, आवाज तिथे जन्मतो. पोराने उत्साहाने मशीनचा कान जास्त पिळला की युनिट जळतं. “लग्नाचे पैशे युनिटात जात,” मामा म्हणाले. भोंगा कुठल्या दिशेला तोंड करून बांधायचा, वारा कुठून आहे, पिंपळावर बांधावा की गच्चीवर, याचंही शास्त्र होतं, आणि ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

बारा-पंधरा वर्षांमागे मामांनी हे सगळं विकलं. ट्रॅक्टरवर बॉक्स रचून वाजवायचा डीजे आला होता, तरण्या पोरांच्या सुपाऱ्या तिकडे जात होत्या. मामांनी शेजारच्या गावच्या एका मंडपवाल्याला भोंगे आणि मशीन दिलं आणि त्या पैशांत डीजेमध्ये भागीदारी घेतली. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद हा नियम २०००पासूनचा आहे, पण तो अमलात यायला लागला तो नेमका मामांनी भागीदारी घेतल्यावर. बॉक्स जप्त झाले, भागीदार भांडले, धंदा बुडाला.

आणि गंमत पुढेच आहे. सप्ताहाला कीर्तनकारांना डीजे चालत नाही, भोंगाच लागतो. पहाटेचा काकडा शेतातल्या माणसाला ऐकू गेला पाहिजे आणि शब्द फुटता कामा नये. त्यामुळे सप्ताह आला की मामा त्या मंडपवाल्याकडे जातात आणि आपलेच भोंगे भाड्याने आणतात.

“स्वतःचे भोंगे भाड्यानं?” मी विचारलं.

“व्हय. वळखतो न मी त्याईले. एकाच्या काठाला पोचा हाये, तो माह्या हातानंच पडलेला. तोच मागतो मी दरसाल.”

भोंगे परत विकत का घेत नाही, हे विचारल्यावर मामा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “भाऊ, इकलं ते मशीन. गेली ती जोडणी. आता भोंगे आणले तं तार ओढाले पोऱ्ह कोन? पिंपळावर चढाले कोन? आन मले कान तरी कुठं राह्यला?”

पुण्याहून निघाल्यापासून मला जे नीट सांगता येत नव्हतं, ते मामांनी अडकित्ता चालवता चालवता सांगून टाकलं.

भंगारात आवाजाचं वजन

सरांच्या घरी गेलो. त्यांनी सुरुवात केली ती व्होल्टेजपासून.

२००६ला डी.एड. संपवून ते सेट गावी घेऊन आले. ती वर्षं भारनियमनाची. ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसायची, आणि यायची ती रात्री सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्यावर. दिवा निखाऱ्यासारखा लाल. व्हॉल्व्हच्या आतली तार नीट तापली नाही तर तो काम करत नाही, आणि मध्येच वीज उसळली की जळतो. वर्षभरात दोन व्हॉल्व्ह गेले. सर चिखली, मेहकर, जालना फिरले, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची दुकानं शोधली. एकाने काउंटरवर मोबाइलचे कव्हर टांगले होते, दुसऱ्याच्या दारावर पाटी होती, ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’. दोन जीबीच्या कार्डात कित्येक एलपींचा ऐवज दहा-वीस रुपयांत. व्हॉल्व्ह कुणाकडे नव्हते.

मग गॅरार्डचं रबरी चाक कडक झालं. या जातीच्या चेंजरमध्ये मोटारीची गती तबकडीपर्यंत एक छोटं रबरी चाक पोचवतं. बुलढाण्याच्या उन्हाळ्यात रबर वाळतं, त्याला चपटा डाग पडतो, आणि मग प्रत्येक फेऱ्याला ‘धप्’ असा आवाज येतो. गायक कितीही मोठा असो, त्याच्या मागे कुणीतरी दार ठोठावत असल्यासारखं वाटतं.

सरांचं लग्न ठरलं तेव्हा खोली रिकामी करायची होती. चेंजर मंडपवाल्याने शोभेला म्हणून नेला. ॲम्प्लिफायर भंगारात गेले.

भंगाराचा हिशेब कसा असतो तो मी दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या एका गोदामात जाऊन पाहिला. काट्यापाशी बसलेल्या पोराने मला न कंटाळता सगळं दाखवलं. रेडिओ, टेप, मिक्सर, पंखा, जे येईल ते आधी वजनावर घ्यायचं. मग हातोडीने फोडून वेगळं करायचं, लोखंड एकीकडे, ॲल्युमिनियम एकीकडे, तांबं एकीकडे. तांब्याला सगळ्यात जास्त भाव. वार्निश लावलेली तार थेट घेत नाहीत, म्हणून ती आधी जाळतात, आणि त्या धुराचा वास गोदामाच्या भिंतींना लागून राहिलेला असतो. स्पीकरमधला चुंबक वेगळा, तो कुणाला तरी खेळायला जातो. लाकूड चुलीला.

“यात चांगली वस्तू आली तर कळतं का?” मी विचारलं.

“चांगली म्हंजे जास्त वजनाची,” तो म्हणाला.

त्याचं उत्तर मला उद्धट वाटलं नाही. त्याच्या धंद्यात तेच खरं आहे. माझ्या दोन ट्रान्सफॉर्मरमधून फार तर किलोभर तांबं निघालं असेल. पदर, कागद, चार दिवस, जवारी, यांना काटा नसतो. पण मग मी तरी काय केलं होतं? साडेचार हजार हा आकडा मी कशावरून काढला होता? होम थिएटरच्या पहिल्या हप्त्यावरून. माझा काटाही वजनाचाच होता, फक्त पुण्याचा होता.

कपांचा प्रयोग आणि त्याची मर्यादा

विकल्यानंतरच्या या हळहळीचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केलेला आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८०मध्ये मालकीच्या ओढीला नाव दिलं. आपल्याजवळ असलेल्या वस्तूची किंमत, ती केवळ आपली आहे म्हणून, आपल्याला जास्त वाटते. १९९०मध्ये डॅनिएल काहनेमन, जॅक नेच आणि थेलर यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या मुलांना कॉफीचे कप फुकट दिले आणि मग बाजार भरवला. कप असलेल्यांना विकायला साधारण सव्वापाच डॉलर हवे होते, नसलेले अडीचच्या आसपास द्यायला तयार होते. कप तोच, काही मिनिटांपूर्वी मिळालेला. काहनेमनना २००२मध्ये आणि थेलरना २०१७मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला या प्रयोगाचं कौतुक आहे, पण तो माझ्या कामाचा नाही. कपवाली मुलं विकायला नाखूष होती. मी खूष होतो. मामा खूष होते. आमची ओढ विकून झाल्यावर जागी झाली.

दुसरा अभ्यास जास्त जवळचा आहे. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९०च्या दशकात दाखवलं, की थोड्या काळात माणसाला केलेल्या गोष्टीचा पस्तावा होतो आणि दीर्घ काळात न केलेल्या गोष्टीचा. हे मात्र तंतोतंत जुळतं. पहिली दोन वर्षं मी स्वतःला विचारत होतो, ‘विकलं का?’ त्यानंतर प्रश्न बदलला, ‘तेव्हाच फोन करून परत का नाही मागितलं?’ तेव्हा नंबर चालू होता. ट्रान्सफॉर्मर अजून ट्रान्सफॉर्मर होते.

साखरखेर्ड्यात तीन दिवस फिरून, ओट्यावर बसून, चहा पिऊन माझं स्वतःचं एक मत झालं. प्रयोगाचा आधार नाही, पण लिहितो. गरजेपोटी विकणाऱ्याला पस्तावा कमी होतो. एका शेतकऱ्याने दुष्काळाच्या साली टू-इन-वन विकून मुलीची फी भरली होती. वाईट वाटतं का, असं विचारल्यावर तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागला. “पोरगी नर्स हाये आता,” एवढंच म्हणाला. पस्तावतो तो नव्याच्या हौसेने जुनं काढणारा. कारण त्याने जुन्याची जागा ज्याला दिली, ते नवं त्याच्या डोळ्यांदेखत जुनं होतं, आणि त्याला तर काहीच भाव येत नाही. माझं होम थिएटर सात वर्षांत गेलं. त्याची आठवण मला पहिल्यांदाच, हा लेख लिहिताना आली.

न विचारता

सरांच्या आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून आमचं ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, “अन रेडू?”

सर गप्प झाले. ॲम्प्लिफायरबरोबर भंगारवाल्याला घरातला रेडिओही दिला होता, तीन बँडचा. हा रेडिओ सरांच्या आईंच्या, म्हणजे ताईंच्या, सासऱ्यांनी घेतलेला, परवान्याच्या काळातला. तेव्हा रेडिओ ऐकायलाही पोस्टात वर्षाला पंधरा रुपये भरून पुस्तिकेवर शिक्का घ्यावा लागे. तीन बँडचा अशासाठी, की शॉर्टवेव्हशिवाय सिलोन लागत नसे. आकाशवाणी नागपूर केंद्र १९४८पासून होतं, पण १९५२च्या सुमाराला माहितीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, म्हणजे आपलेच पुण्याचे, यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटवली आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. पुढे १९५७मध्ये विविध भारती काढावी लागली. केलेली चूक सरकारनेही पाच वर्षांनी निस्तरली म्हणायची.

ताईंना सिनेमाच्या गाण्यांशी कर्तव्य नव्हतं. पहाटे अभंग लागत. भाकऱ्या थापायच्या वेळी रेडिओ फळीवर असायचा, पिठाच्या हातानेच त्या बटण फिरवायच्या, त्यामुळे ते बटण कायम पांढरं.

“बंदच व्हता तो, आई,” सर म्हणाले.

“बंद व्हता ते मलाबी ठाव हाय. मला इचारलं असतं तं मी न्हाई म्हनले नसते. पन इचारायचं तं व्हतं.”

त्यावर कुणी काही बोललं नाही. घरोघरची वाजणारी यंत्रं पुरुषांनी आणली आणि पुरुषांनी विकली. वापर कुणाचा जास्त होता हे कधी कुणी मोजलं नाही. पुण्याला परतल्यावर मी बायकोला विचारलं, आपला सेट विकताना मी तुला विचारलं होतं का? ती म्हणाली, “सांगितलं होतंस.”

पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या केसरबाई

१९७७मध्ये अमेरिकेची व्हॉयेजर यानं अवकाशात निघाली तेव्हा त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी बसवली होती, पृथ्वीवरचे आवाज भरून. त्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली, पण रेकॉर्ड बाजारातून नाहीशी झाली होती. शोधाशोध झाली आणि न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट पुठ्ठ्याच्या खोक्यात तिच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात, पहिलं यान निघून महिनाही झाला नव्हता, केसरबाई गेल्या. यानावर तबकडीसोबत ती वाजवायची सुईही ठेवलेली आहे. रेकॉर्ड ठेवून प्लेअर विकण्याचा माझा शहाणपणा त्या लोकांनी केला नाही.

टेबलाखालची खोकी आपल्याकडेही होती आणि आहेत. मुंबईत १९९०मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था सुरू झाली. डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’मधून जुन्या तबकड्यांच्या नोंदी छापल्या, ऐकण्याचे कार्यक्रम केले. कंपन्यांनी जपलं नाही ते शौकिनांच्या कपाटांत उरलं, आणि शौकिनांकडे ते चोरबाजारातून, जुन्या बाजारातून, रद्दीवाल्याकडून आलं. म्हणजे कुणीतरी विकलं म्हणूनच आलं. हे हळहळणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं. सगळ्यांनीच जपलं असतं तर संग्राहकांच्या हाती काय लागलं असतं?

आता वारं फिरलं आहे. अमेरिकेत २०२२मध्ये सीडींपेक्षा रेकॉर्डी जास्त खपल्या, १९८७नंतर पहिल्यांदाच. टेक्निक्सने २०१०मध्ये बंद केलेला एसएल-१२०० हा टर्नटेबल २०१६मध्ये पुन्हा बाजारात आणला. पुण्या-मुंबईची तरुण मुलं जुने गॅरार्ड शोधत फिरतात आणि मागेल ती किंमत मोजतात. मला कुणीकुणी विचारतं, “तुमचा होता ना? आज काय भाव आला असता!” भाव आला असता, खरं आहे. पण माझी तक्रार भावाची असती तर मी गॅरार्ड आजही विकत घेऊ शकतो. कंपनीचं विकलं तर पैसे मोजून पुन्हा मिळतं. अण्णांनी बांधलेला फाइव्ह-टेन, वडिलांच्या पलंगाचं सागवान आणि त्या वाइंडिंगवाल्याचे पदर एकत्र कुठल्या बाजारात मिळतात?

काय उरलं

निघायच्या दिवशी सर मला शाळेत घेऊन गेले. कार्यालयाच्या कोपऱ्यात दोन सागवानी पेट्या उभ्या होत्या, एकावर एक. समोरची जाळी काढून आत फळ्या ठोकल्या होत्या. वरच्या पेटीत खडूचे खोके, खालच्या पेटीत हजेरीपट. लाकूड तुकतुकीत होतं, शिपाई रोज पुसतो म्हणाले. पेटीच्या बाजूला पलंगाच्या खिळ्याचं जुनं भोक अजून होतं.

मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. आत अण्णांचा कागद. मुलार्डचं सर्किट, कडेला पेन्सिलने पदरांचा हिशेब, खाली तारखेसकट सही.

“मशीन फोडायच्या आधी हे काढून घेतलं, काका. का घेतलं ते मलाही माहीत नाही.”

मी हात पुढे केला. सरांनी कागद माझ्या हातात दिला, मला वाचू दिला, आणि मी घडी घालून खिशाकडे नेतोय असं दिसताच नम्रपणे परत घेतला.

“झेरॉक्स काढू,” ते म्हणाले.

स्टँडवरच्या त्याच दुकानात झेरॉक्स काढली. पेन्सिलचे आकडे फिके आले म्हणून दुकानदाराने शाई वाढवून दुसरी काढली. चार रुपये झाले, तेही सरांनीच दिले. मूळ कागद त्यांच्या खणात आहे.

झेरॉक्स माझ्या टेबलावर आहे. ईएल ८४ जातीचे चार व्हॉल्व्ह मिळाले आहेत, लोखंडी पत्र्याचे गठ्ठेही मिळाले. अण्णा नाहीत आणि तो वाइंडिंगवालाही नाही. पदर घालून आउटपुट ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळणारं कुणी महाराष्ट्रात कुठेही असेल, तर वाचकांनी अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवावं. दोन हवे आहेत. एक जोडी सरांसाठीही करून घ्यायची आहे, तेव्हा चार धरा.